तीन गावांची प्रतवारी

राहायला नवं गाव निवडण्यात मोहिउद्दीन साहेबांचा फायदा काय होता, ते आधी मांडून घेतलेलं बरं. एक, दुपारची झोप, जी एकतीस वर्षांत त्यांना फक्त ईदला आणि तापात मिळाली होती. दोन, दारात पाणी, कारण यवतमाळात नळ कधी येईल हे नळालाही ठाऊक नसे. तीन, गुडघ्याला झेपेल इतकं सपाट अंगण आणि सात-आठ मिनिटांवर मशीद. चौथा फायदा त्यांनी कुणाला सांगितला नाही, बायकोलाही नाही. तो म्हणजे चहाच्या टपरीवरच्या बाकावर जागा.

बाकाचं असं झालं होतं. मोहिउद्दीन साहेब कापूस खरेदीच्या खात्यात ग्रेडर होते. ग्रेडरचं काम पाहणाऱ्याला सोपं वाटतं. शेतकऱ्याच्या बैलगाडीतून, म्हणजे कास्तकाराच्या बंडीतून, मूठभर कापूस ओढायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ताणायचा, डोळे बारीक करायचे आणि एक शब्द पुटपुटायचा. सुपर, मध्यम, नाहीतर कवडी. त्या एका शब्दावर बंडीवाल्याच्या घरची दिवाळी ठरायची. असा शब्द ज्याच्या तोंडात आहे त्याला बाकावर जागा मागावी लागत नाही. ३१ ऑक्टोबर २००५ ला संध्याकाळी साहेब टपरीवर गेले तेव्हा चार माणसं सरकली. त्याच संध्याकाळी ते हार आणि नारळ घेऊन निवृत्त झाले. १ नोव्हेंबरला सकाळी ते टपरीवर गेले, तेव्हा एकही माणूस सरकला नाही. माणसं तीच होती, बाकही तोच होता. साहेबांनी उभ्यानं चहा घेतला आणि घरी येऊन जाहीर केलं, "या गावात पाणी नाही. गाव सोडायचं."

पाणी खरंच नव्हतं, त्यामुळे खोटं पकडलं गेलं नाही.

तसंही सरकारी क्वार्टर ३१ जानेवारीपर्यंतच ठेवता येणार होतं. म्हणजे हातात तीन महिने होते आणि समोर अख्खा जिल्हा. यवतमाळ वर डोंगरावर बसलेलं. कुठल्याही बाजूनं निघा, घाट उतरला की खाली नद्यांची खोरी आणि त्या खोऱ्यांतून पेरलेली गावं. साहेबांनी चाळीस पानी वही आणली. पहिल्या पानावर चार रकाने आखले: धागा, ओलावा, कचरा, रंग. एकतीस वर्षं कापूस ज्या चार गोष्टींवर पाहिला, त्याच चार गोष्टींवर गावही पाहता येईल, असं त्यांचं मत होतं. ओलावा म्हणजे पाण्याची सोय, कचरा म्हणजे नाल्या, रंग म्हणजे लोकांची वागणूक. धागा म्हणजे काय, हे त्यांनी लिहून ठेवलं नाही. आपल्याला समजतंय म्हणाले.

गौहरबींनी वही पाहिली. ह्या त्यांच्या पत्नी. घरात बोलणं हिंदीत चाले, पण गौहरबींचं बालपण वावरात गेलेलं. राग आला की त्या वऱ्हाडीत बोलत. त्यामुळे त्या घरात हिंदी फारशी ऐकू येत नसे.

"अकरा बदल्या झाल्या," त्या म्हणाल्या. "अकरा वेळा तुम्ही सांगतलं अन् म्या सामानाची पोती शिवली. बाराव्या खेपेले मले इचारान काय?"

"विचारतोच आहे. बोल."

"दोन गोष्टी. पानी दारात. अन् भितीच्या पलीकडे एक बाई. बोलाले."

साहेबांनी चारही रकाने पाहिले, बाई कशातच बसेना. मग खाली 'इतर' असं लिहून त्यांनी तिथे तिची सोय केली.

शेजारी बापूजी राहत. बापूजींनी जन्मात यवतमाळचा घाट उतरलेला नव्हता, त्यामुळे खालच्या प्रत्येक गावाबद्दल त्यांची मतं पक्की होती. "महागाव," ते डोळे मिटून म्हणाले. "मोठी बाजारपेठ. तालुक्याचं ठिकान. माणूस ओळखीचा पाहिजे, अन् तिथं तं तुम्ही चार सीझन काढले."

वरच्या मजल्यावरच्या विमलताई नर्स म्हणून जिल्हाभर फिरल्या होत्या. प्रत्येक गाव त्या आजारानं लक्षात ठेवत. "महागाव? तिथं मले कावीळ झालती. राळेगावले मलेरिया. मुकुटबन बरं, तिथं फक्त पायाले मोच आली." या हिशेबानं मुकुटबन पहिलं यायला हवं होतं, पण साहेबांनी विमलताईंचं मत वहीत घेतलं नाही. हवापाणी हा रकानाच नव्हता.

महागावात साहेबांचा पुतण्या तारिक याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाचा येणार म्हणून तो खुश झाला. चाचांच्या रुबाबानं दुकानाचं वजन वाढेल असा त्याचा अंदाज होता, आणि चाचांचा अंदाज होता की महागावात आपल्याला सगळे ओळखतात. हा दुसरा अंदाज शंभर टक्के खरा निघाला.

तारिकनं पाहून ठेवलेलं घर धरमसिंग नावाच्या कास्तकाराचं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे विहीर. धरमसिंगनं हात जोडले, खाट टाकली, पाणी दिलं, चहा सांगितला. साहेबांनी मनातल्या मनात रंगाच्या रकान्यात सुपर लिहून टाकलं.

"साहेब, वळखलं का मले?" धरमसिंगनं विचारलं.

"चेहरा पाहिल्यासारखा वाटतो."

"शहाण्णव साल. तीन रोज तुमच्या गेटावर बंडीखाली झोपलो होतो. चवथ्या रोजी तुम्ही मूठभर कापूस पाह्यला अन् म्हनलं, ओलावा जास्त आहे, वाळवून आना. वाळवाले नेला, अन् पानी आलं."

साहेबांनी हातातला पेला खाली ठेवला. शहाण्णव साली त्यांनी किती बंड्यांना ओलावा सांगितला होता, हे त्यांना आठवेना. वरून निरोप असे. गोदाम भरलं की कापूस आपोआप ओला होत असे.

धरमसिंग रागावलेला दिसत नव्हता. त्यानं पुढे होऊन साहेबांच्या कोटाची बाही चिमटीत धरली, शिवणीतून सुटलेला एक धागा हळूच ओढला, दोन अंगठ्यांमध्ये ताणला आणि उजेडाकडे धरून डोळे बारीक केले. हुबेहूब.

"ओलावा जास्त वाटते, साहेब," तो म्हणाला. "पंधरा रोज वाळू द्या. मंग या." आणि खिशातून कागदाचा तुकडा काढून त्यानं साहेबांच्या हातात ठेवला. त्यावर पेन्सिलीनं सत्तावीस लिहिलं होतं. "हे टोकन, तुमच्या गेटावर भेटे तसं. सव्वीस जन तुमच्या पुढं हायेत."

"दोन खोल्यांसाठी सव्वीस?"

"येका बंडीसाठी म्याबी असंच इचारलं होतं. तुम्ही चष्मा पुसत होते."

चहा मात्र त्यानं पाजला, साखर घालून. साहेब परत दुकानात आले तेव्हा तारिक एका मोटारसायकलखाली आडवा झाला होता आणि त्याचं पोट हलत होतं.

"हसतोस काय?"

"हसत नाही चाचा. नट शोधून राह्यलो."

यवतमाळला परतल्यावर बापूजी म्हणाले, "म्या म्हनलंच होतं. ओळखीच्या गावात जाऊच नये." साहेबांनी वहीत महागावपुढे लिहिलं: कवडी. टोकन त्याच पानात राहिलं. ते का फेकलं नाही, हे त्यांना सांगता आलं नसतं.

दुसरी फेरी मुकुटबनची, गौहरबींना घेऊन. तिथे त्यांची मावसबहीण शबाना राहायची. एसटी जिल्ह्याच्या शेवटापर्यंत गेली आणि थांबली. गाव मोठं, झाडं बरी, शबानाच्या घराला लागून दोन खोल्या रिकाम्या, आणि दारात नळ. नळाला पाणी. गौहरबी त्या नळापाशी जाऊन बसल्या त्या उठेनात. शबाना पलीकडून बोलत होती, ह्या अलीकडून. मध्ये कमरेएवढी भिंत. 'इतर' रकाना एका मिनिटात भरला.

साहेब गाव पाहायला बाहेर पडले. महागावात सगळे ओळखत होते, तर इथे कुणीच ओळखेना. त्यांनी पानवाल्याला न विचारता सांगितलं की आपण ग्रेडर होतो. पानवाला म्हणाला, "अच्छा," आणि चुना लावत राहिला. किराणावाल्याला सांगितलं, त्यानं विचारलं, "तूरडाळ देऊ का हरभरा?" शेवटी एका बाईनं त्यांना हाक मारली. साहेब आशेनं वळले. बाईनं बकरीचा दोर त्यांच्या हातात दिला, "धरा जी भाऊ, दोन मिनिटं, मी निरोप सांगून येतो," आणि ती गल्लीत शिरली. साहेबांनी कोट सावरून पाऊण तास बकरी धरली. गावातून जाणारी माणसं त्यांच्याकडे पाहत आणि बकरीला ओळख दाखवत.

"हेच घर," गौहरबी म्हणाल्या.

"गाव वाईट नाही," साहेब म्हणाले, "पण लोकांना नजर नाही."

"नजर कायले पायजे? पानी आहे."

साहेबांनी वहीत लिहिलं: मध्यम. आणि तिसरं गाव पाहिल्याशिवाय निकाल देणं नियमाला धरून होणार नाही, असं सांगून ते मोकळे झाले.

तिसरं राळेगाव. तिथे साहेबांची नेमणूक कधीच झाली नव्हती, म्हणजे शत्रू नाहीत. पण भाग कापसाचा, म्हणजे कदर आहे. वहीच्या दृष्टीनं असं गाव आदर्श. गौहरबी म्हणाल्या, "तुम्हीच जा. मले बकरी धराची नाही."

राळेगावच्या स्टँडवर उतरताच चूक झाली. समोर कापसाची बंडी उभी होती. पांढराशुभ्र, पहिल्या वेच्याचा कापूस. न्हावी समोरच्या माणसाच्या डोक्याकडे पाहतो, चांभार पायांकडे, त्यात त्यांचा दोष नसतो. साहेबांचा हात आपोआप गेला. मूठ, चिमूट, दोन अंगठे, बारीक डोळे.

"सुपर," ते पुटपुटले.

बंडीवर वामनराव नावाचा कास्तकार बसला होता. तो खाली उतरला. त्या वर्षी कापसाचे दिवस वाईट होते. सरकारी भाव खाली आला होता, व्यापारी त्याहून खाली मागत होता, आणि गावाच्या त्या अंगाला खरेदी केंद्र द्यायचं की नाही हे वर कुणीतरी ठरवत बसलं होतं. अशा दिवसांत कोट घातलेला, वही काखेत असलेला एक परका माणूस एसटीतून उतरतो, न विचारता बंडीत हात घालतो आणि ग्रेड सांगतो. वामनरावानं जो अर्थ काढला तो तुम्हीआम्हीही काढला असता.

"कोनती जागा पाहाले आले जी?" त्यानं विचारलं.

"घर पाहायला आलो आहे. पण जरा मोकळं पाहिजे."

पंधरा मिनिटांत सदाशिवराव आले. गावकुसाला त्यांचं एक जुनं घर होतं आणि घराला लागून दीड एकराचं रिकामं मैदान. साहेबांनी वही उघडून नियमाप्रमाणे प्रश्न विचारले. पाणी आहे का? विहीर आहे, टाकी आहे. टाकी किती मोठी? नमाजाआधी हातपाय धुवायच्या वजूला, न्हाणीला पुरेल का, हा त्यांचा हेतू. पण कापूस असतो तिथे आगीसाठी टाकी लागते, हे सदाशिवरावांना माहीत होतं. जमीन सपाट आहे का? हा गुडघ्याचा प्रश्न. दारापर्यंत ट्रक येईल का? हा लोखंडी कपाटाचा. वरून विजेच्या तारा जातात का? ही गौहरबींची धास्ती होती. अकराव्या बदलीच्या घरावर एकदा ठिणगी पडली होती. सदाशिवराव प्रत्येक उत्तराबरोबर ताठ होत गेले.

"ट्रक आत याले भीत जरा आड येते," ते म्हणाले. "पन तिचं मी पाहातो. किती ट्रक येतीन साहेब?"

"सध्या एक."

हा 'सध्या' संध्याकाळपर्यंत गावात घरोघर पोचला.

मग टपरी. साहेब टपरीपाशी गेले आणि बाकावरचे सहाच्या सहा जण उठले. नुसते सरकले नाहीत, उठले. साहेब एकटे बसले. चहा आला, मग भजी आली, मग कुणीतरी संत्री आणून ठेवली. पैसे द्यायला हात खिशात गेला तर चौघांनी तो धरला. ओलावा नुसता विचारला, पाहिला नाही, नाल्या पाहायच्या राहिल्या, भिंतीच्या पलीकडे बाई आहे की नाही हे तर आठवलंच नाही. चहा संपायच्या आत साहेबांनी वहीत लिहिलं: सुपर. आणि सदाशिवरावांना शब्द दिला.

"मले इचारलं नाही," गौहरबी म्हणाल्या.

"वेळच नव्हता. घर हातचं गेलं असतं. आणि माणसं काय आहेत म्हणून सांगू. कदर आहे, गौहर, कदर."

गौहरबींनी सुतळी आणि दाभण काढलं. "ठीक. पन ह्या खेपेले माह्यासाठी घेतलं म्हनून नका सांगू," एवढंच बोलून त्यांनी बाराव्यांदा पोती शिवायला घेतली. शबानाला निरोप गेला की त्या खोल्या दुसऱ्या कुणाला दे. निरोप सांगताना त्यांनी तोंड दुसरीकडे केलं होतं, एवढं बापूजींनी पाहिलं आणि पहिल्यांदाच काही मत दिलं नाही.

२९ जानेवारीला ट्रक राळेगावला पोचला. मैदानातला कडब्याचा ढीग हलवलेला होता. मागच्या बाजूची भिंत आठ-दहा फूट पाडून रस्ता मोकळा केला होता. दाराला आंब्याचं तोरण होतं. सदाशिवरावांनी साहेबांना हार घातला.

"भाडेकरूले हार कोन घालते?" गौहरबींनी हळूच विचारलं.

"इकडची रीत असेल."

"अन् भीत काहून पाडली?"

"कपाटासाठी. मी म्हटलं होतं ना, कदर आहे."

गौहरबींनी कपाटाकडे पाहिलं. चार फुटांचं कपाट होतं. मग त्या हाराकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं. बाहेर मैदानात बंड्या उभ्या होत्या. एकामागे एक, वळून रस्त्यापर्यंत. साहेबांनी खिडकीच्या फटीतून मोजल्या: त्रेचाळीस. बैल सोडलेले, चुली मांडलेल्या, घोंगड्या अंथरलेल्या. हे दृश्य त्यांनी एकतीस वर्षं पाहिलं होतं. समजायला अर्धा क्षणही लागला नाही. न समजल्यासारखं दाखवायला मात्र त्यांनी पाऊण तास घेतला.

"कोन आहे?" गौहरबींनी विचारलं.

"कुणी नाही. बाजाराला निघालेले दिसतात."

गौहरबींनी खिडकी उघडली, पाहिलं, खिडकी लावली. "तुम्ही ह्या लोकायले काय सांगतलं?"

"काहीच नाही. घर पाहायला आलो म्हटलं. फक्त टाकी विचारली. आणि सपाट जमीन. आणि ट्रक. आणि तारा." एकेक शब्द बाहेर पडत गेला तसा साहेबांचा आवाज लहान होत गेला. "आणि एका बंडीत हात घातला."

गौहरबी खाली बसल्या. हसू आणि राग दोन्ही एकदम आले की माणूस बसतो. "जा. सांगा त्यायले."

"काय सांगू?"

"खरं सांगा. दुसरं काय आहे तुमच्यापाशी?"

साहेब तीनदा दारापर्यंत गेले. तिन्ही वेळा फटीतून पाहिलं की बाहेरचे उठून उभे राहत. त्रेचाळीस बंड्यांची माणसं, त्यांच्यासाठी उठणारी. कोण सांगेल की त्या दाराआड साहेबांना वाईटच वाटत होतं? थोडं बरंही वाटत होतं. दुपारपर्यंत तरी हे असंच राहू शकतं, असा एक विचार येऊन गेला. बाहेरून वामनरावचा आवाज आला, "घाई करू नका गा. साहेब नाश्ता करून राह्यले."

तोवर गौहरबी मागच्या दारानं विहिरीवर पोचल्या होत्या. बैलांना पाणी हवं होतं. त्या शेंदत राहिल्या, कास्तकार नेत राहिले. त्रेचाळीस बंड्यांचे शहाऐंशी बैल. नऊ वाजता विहिरीचा तळ दिसला. दारात पाणी ही त्यांची बारा गावांतली पहिली मागणी, आणि तिचा शेवटचा पोहरा त्यांनी कुणाच्या तरी बैलापुढे ओतला. मग आत येऊन म्हणाल्या, "पानी संपलं. आता तरी जा."

साहेबांनी कोट घातला, वही काखेत मारली आणि बाहेर गेले. वामनरावच्या बंडीच्या चाकावर पाय ठेवून, गुडघा सांभाळत वर चढले.

"भाऊ, मी रिटायर माणूस आहे," ते म्हणाले. "तीन महिने झाले. केंद्र आणायला आलो नाही. केंद्र येणार की नाही तेही मला माहीत नाही. मी इथे फक्त राहायला आलो आहे."

मग सदाशिवराव पुढे आले. त्यांचा चेहरा पाडलेल्या भिंतीसारखा झाला होता.

"मंग टाकीचं काहून इचारलं?"

"वजूसाठी. आणि घरात लागतं ना पाणी."

"जमीन सपाट आहे का म्हनून?"

"गुडघा दुखतो."

"ट्रक?"

"कपाट."

"मंग बंडीतला कापूस कायले ओढला?"

"हात गेला," ते म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. बैल जुंपायला सुरुवात झाली असती, पण तेवढ्यात एक म्हातारी बाई चाकाशी येऊन उभी राहिली. जमनी तिचं नाव. तिचं घर त्या पडक्या भिंतीच्या पलीकडेच होतं. तीन एकराचा कापूस, दुसऱ्याकडून मागून आणलेली बंडी, तीही अर्धीच भरलेली.

"पाहून तं सांग बाप्पा," ती म्हणाली.

"बाई, माझ्या सांगण्यानं आता काही होत नाही."

"भाव व्यापारीच करन. तू भाव नको देऊ. हा कापूस कसा हाय, तेवढं सांग. व्यापारी म्हनते ओला, केंद्रावाले म्हनत कचरा. येवढी वर्सं इकून राह्यलो, पन माहा कापूस कसा हाय ते मले कोनी खरं सांगतलं नाही."

साहेब चाकावरून खाली उतरले. चष्मा काढून पुसायला लागले, मग धरमसिंगची आठवण झाली आणि त्यांनी चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला.

पहिली बंडी वामनरावची. सुपर. दुसरी मध्यम. तिसऱ्या बंडीत वर चांगला माल आणि खाली भिजलेला होता. साहेबांनी कोपरापर्यंत हात घालून खालचा काढला आणि मालकाला दाखवला. मालक म्हणाला, "रिटायर झाले तरी हात खालीच जाते." मंडळी आता जवळ आली होती. ग्रेड लिहून द्यायला कागद हवा होता. साहेबांनी काखेतली वही उघडली आणि पानं फाडायला सुरुवात केली. कोरी पानं संपली, तेव्हा मुकुटबन गेलं, मग महागाव गेलं, मग राळेगावचं सुपर लिहिलेलं पान वामनरावच्या भावाच्या हाती पडलं. तो भाव विचारायला गेला तर व्यापाऱ्याला वाटलं असेल की गावालाच ग्रेड मिळाली. महागावच्या पानातलं टोकन जमिनीवर पडलं. साहेबांनी ते उचलून कोटाच्या खिशात ठेवलं.

काम करता करता एक गोष्ट साहेबांच्या लक्षात आली. गोदाम भरायची काळजी नव्हती, वरून निरोप नव्हता, त्यामुळे कुणाचाच कापूस विनाकारण ओला निघत नव्हता. एकतीस वर्षांत इतकी कोरडी सकाळ त्यांनी पाहिली नव्हती.

शेवटी जमनीची अर्धी बंडी आली. साहेबांनी कापूस ओढला, ताणला, सोडला. पुन्हा ओढला. गौहरबी दारात उभ्या होत्या.

"बोल ना बाप्पा."

"कवडी आहे बाई," साहेब म्हणाले. "वेचणीच्या वेळी पाणी लागलं. पण खालचा थर चांगला आहे. दोन्ही एकत्र विकू नका. चांगला वेगळा काढा, नाहीतर सगळाच कवडीत जाईल."

जमनीनं मान हलवली. "मलेबी तसंच वाटे," ती म्हणाली. आणि तिथेच घोंगडी पसरून ती कापूस वेगळा करायला बसली. गौहरबी तिच्यासमोर जाऊन बसल्या. बंड्या निघाल्या तरी दोघींचं निवडणं चालूच होतं, आणि बोलणं त्याहून जास्त चालू होतं. पडलेल्या भिंतीमुळे जमनीचं दार थेट विहिरीवर उघडत होतं. संध्याकाळी सदाशिवरावांनी भिंत बांधायचा विषय काढला, तेव्हा गौहरबींनी नव्या गावात पहिल्यांदाच घरमालकाशी बोलणं केलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "आडवी येते."

बापूजींना पत्रानं सगळं कळलं. त्यांचं उत्तर आलं की राळेगाव हेच नाव आपण पहिल्या दिवशी सुचवलं होतं.

आता कुणी काय किंमत भरली, ते मांडून संपवू. चिठ्ठ्या घेऊन व्यापाऱ्याकडे गेलेल्या त्रेचाळीसपैकी अकरा जणांनी भांडून थोडा जास्त भाव घेतला. उरलेल्यांच्या चिठ्ठ्यांत व्यापाऱ्यानं विडा बांधून दिला. त्या सगळ्यांचा एक दिवस गेला. सदाशिवरावांची भिंत गेली, हाराचा खर्च गेला, पण भाडेकरू टिकला. विमलताईंनी सांगितलेला मलेरिया अजून आलेला नाही. विहिरीला तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी आलं; मधल्या दोन कोरड्या दिवसांची किंमत भरली गौहरबींनी, बारा खेपांच्या हिशेबात, आणि त्याची पावती त्यांनी कुणाकडे मागितली नाही. मुकुटबनचं नाव मात्र त्या अजून महिन्यातून एकदा काढतात, साहेब ऐकतील इतक्याच आवाजात.

राहिला बाक. चौथ्या दिवशी साहेब धीर करून टपरीवर गेले. बाकावर तेच सहा जण होते. कुणी उठलं नाही, कुणी सरकलंही नाही. एकानं मान हलवून, "या जी," म्हटलं, बस. साहेबांनी उभ्यानं चहा घेतला. यवतमाळपेक्षा चहा बरा होता, हे त्यांना मान्य करावं लागलं. पैसे द्यायला खिशात हात घातला तर पहिलं हाताला टोकनच लागलं. ते परत ठेवून त्यांनी सुटे काढले.

"देल्ले," टपरीवाला म्हणाला.

साहेबांनी वामनरावकडे पाहिलं. सुपरवाला तोच. वामनराव पेपर वाचत होता.

"कुणी दिले?"

"जमनीबाईनं. सकाळीच ठेवून गेली. म्हने, ग्रेडर येईन, उभ्यानं पिईन, त्याच्याकून पैसे घेऊ नको."